१६-१६ झालं आणि साडूंनी बोलणं टाकलं. खेळात टाय झाला की तुमच्याकडे काय करतात?

खजूरीबाजार (सोमवार, रात्री ११:४०)

मंडळी, प्रश्न साधाच आहे पण तीन दिवस झाले आमचे साडू आणि मी एकमेकांशी बोलत नाही आहोत, म्हणून इथे टाकतोय.

अनंत चतुर्दशीची रात्र. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंदूरात त्या रात्री मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली पण तिची झांकी अजून निघते, कामगार काढतात. आणि आमचं घर खजूरी बाजाराच्या आतल्या गल्लीत, त्यामुळे दरवर्षी सगळे पाहुणे आमच्याच माथी (आवडतं मला, तक्रार नाही). आता झांक्या आमच्या इथे पोचेपर्यंत रात्र सरत येते, तोवर जागायचं कसं, म्हणून साडूंच्या मुलानं स्प्लेंडर नावाच्या बोर्ड गेमचा डबा काढला.

माहीत नसेल तर थोडक्यात, रत्नांच्या चकत्या गोळा करायच्या, त्यानं कार्डं विकत घ्यायची, कार्डांवर गुण असतात, वरून ठरावीक रंगांची कार्डं जमली की एक सरदार आपोआप येऊन बसतो त्याचे ३ गुण. १५ झाले की खेळ संपतो. चार जण होतो, भाचा, मी, साडू आणि आत्या. आत्या साडूंच्या डावीकडे भिंतीला टेकून, गुडघ्यावर चादर घेऊन.

तर मी तीन गुणांचं कार्ड घेतलं आणि १६. उठून नाचायचाच बाकी होतो. साडूंनी शांतपणे आपल्या पाळीत एक कार्ड घेतलं, त्यावर सरदार आला, त्यांचेही १६. मी म्हटलं मी आधी पोचलो. ते म्हणाले एकाच फेरीत आहोत. भाच्यानं मोबाइलवर नियम काढून वाचला, बरोबरी झाली तर ज्याची कार्डं कमी तो जिंकला. साडूंची १२, माझी १३.

आता मला सांगा, हा नियम खेळ सुरू करताना कोणी सांगितला होता का? नाही. ते दोघं घरी रोज खेळतात, त्यांना माहीत होता, मला नव्हता. मग माझ्या तोंडून निघून गेलं की ही बाप-लेकाची मिलीभगत आहे. साडू म्हणाले रडीचा डाव खेळायचा असेल तर आधी सांगत जा. आई आतून ओरडली अरे चिठ्ठ्या टाका नि मोकळे व्हा. आत्या उठून चहा टाकायला गेली. पुढे झांक्या आल्या त्या मी ओट्याच्या ह्या टोकाला उभं राहून पाहिल्या आणि त्यांनी त्या टोकाला. सकाळी पोहे खाताना "जिरावन द्या जरा" एवढंच बोलले, तेही माझ्याकडे न बघता.

तर, आधी न सांगितलेला नियम लागू होतो का? आणि दोघं जिंकले असं म्हणायला काय हरकत असते? मी पोरकट वागलो का हे विचारलेलं नाही, ते घरात विचारून झालंय.

सेवउसळ (सोमवार, रात्री ११:५२)

पहिला!

साडूंचं बरोबर. नियम डब्यातल्या पुस्तकात छापलेला आहे, तुम्ही वाचला नाही हा तुमचा प्रश्न. हरलात.

लष्करवाला (मंगळवार, सकाळी ७:१५)

खेळ आहे भाऊ. चहा पिऊन सोडून द्यायचं. आमच्या ग्वाल्हेरला एवढ्यावर कोणी अबोला धरत नाही, आम्ही जमिनीवरून धरतो.

सोंगटी (मंगळवार, सकाळी ९:३०)

@लष्करवाला :))

खजूरीभाऊ, मी कॅरमवाली. कॅरममध्ये हे सगळं आधीच बांधून ठेवलेलं आहे म्हणून भांडण कमी होतं (होतं, पण कमी). गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, जे आधी होईल ते. आठ बोर्ड होऊनही गुण सारखे असले तर आणखी एक बोर्ड, संपला विषय. राणीचे ३ गुण, पण ज्याचे २२ झाले त्याला राणीचे गुण मिळतच नाहीत, राणी घेऊन कव्हर करा नाहीतर शोकेसमध्ये ठेवा. मला हा नियम फार आवडतो कारण पुढे गेलेल्याला शेवटचा टप्पा सोंगट्या वाजवूनच गाठावा लागतो, एका राणीवर उडी मारता येत नाही, आणि मागचा माणूस तोवर जिवंत राहतो.

पण आता खरी गोष्ट. आमच्या कॉलनीच्या गणपतीत एक वर्ष महिलांची फायनल होती, आठव्या बोर्डाला गुण सारखे, नववा लावायचा तर आरतीची वेळ झाली आणि बोर्ड उचलायला मुलं येऊन उभी राहिली. मंडळाच्या लोकांनी जाहीर करून टाकलं की दोघी विजेत्या. टाळ्या वगैरे. ट्रॉफी एकच होती. ठरलं की सहा महिने तिच्याकडे सहा महिने माझ्याकडे. पहिले सहा महिने तिच्याकडे गेले. ह्याला आता नऊ वर्षं झाली.

तेव्हा दोघं जिंकले म्हणायच्या आधी ट्रॉफी किती आहेत ते मोजा.

पटावरचा_उंट (मंगळवार, सकाळी १०:०५)

सोंगटीताई, हाच प्रकार जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंनी केलाय. ३१ डिसेंबर २०२४, न्यूयॉर्क, जागतिक ब्लिट्झ बुद्धिबळाची फायनल, कार्लसन आणि नेपोम्नियाची. चार डाव २-२. मग जो आधी एक डाव जिंकेल तो विजेता असं ठरलेलं, तर पुढचे तिन्ही डाव बरोबरीत. साडेतीन-साडेतीन. मग दोघांनी मिळून सुचवलं की किताब वाटून घेऊ आणि ते मान्यही झालं. त्यावर बुद्धिबळवाले इतके भांडले की विचारू नका, अर्धे म्हणाले काय छान आणि अर्धे म्हणाले ही काय लग्नाची वाटणी आहे का, नियमात नसताना मधेच कसं ठरवता.

आणि २०१८ ला ह्याच कार्लसनची कारुआनाशी जगज्जेतेपदाची लढत, १२ च्या १२ डाव बरोबरीत. एकही निकाली नाही. मग जलद डावांवर आले आणि कार्लसननं ३-० नं गुंडाळला. म्हणजे तीन आठवडे जे झालं नाही ते एका दिवसात झालं. २०१२ ला आपल्या आनंदनंही गेलफांडला असंच, ६-६ झाल्यावर रॅपिडमध्ये अडीच-दीड नं हरवलं होतं. तेव्हाही कुरकूर होती की मोठ्या डावांचा किताब छोट्या डावांवर का ठरवता.

सगळ्यात डोकेबाज म्हणजे आर्मागेडन. पांढऱ्याला वेळ जास्त, काळ्याला कमी, पण बरोबरी झाली तर काळा जिंकला असं धरायचं. म्हणजे बरोबरी ही शक्यताच काढून टाकलेली. आमच्या क्लबात मी एकदा काळे घेऊन असा जिंकलो, समोरच्यानं हात मिळवला पण पुढचे दोन रविवार आलाच नाही.

कोथरूडचा_पाहुणा (मंगळवार, सकाळी ११:२०)

विषय चांगला. पण "बोलणं टाकलं", "चहा टाकला", "इथे टाकतोय", "चिठ्ठ्या टाका", इंदूरचे लोक सगळंच टाकतात का?

खजूरीबाजार (मंगळवार, सकाळी ११:३१)

@कोथरूडचा_पाहुणा, भिया, चहा पुण्यातही टाकतातच. फरक इतकाच की आम्ही पाहुणा आला की त्याच्यासाठी टाकतो.

बकुळी (मंगळवार, दुपारी १:४८)

वा वा खजूरी!

मी ह्या नवीन खेळांतलं काही जाणत नाही पण रामबागेत वाढले, उन्हाळ्यात दुपारी पत्ते आणि रात्री गच्चीवर पत्ते एवढंच आयुष्य होतं. आणि वाचताना लक्षात आलं की टायचा बंदोबस्त आपल्या लोकांनी केव्हाच केलेला आहे आणि कोणाला त्याचं कौतुक नाही.

मेंढीकोट घ्या. दहाच्या चार मेंढ्या, ज्या जोडीकडे तीन आल्या ती जिंकली. पण दोन-दोन आल्या तर? हात मोजायचे. हात तेरा, म्हणजे एका जोडीचे सात होणारच, सुटकाच नाही. मेंढ्या बरोबरीत सुटू शकतात पण हात सुटू शकत नाहीत.

त्याहून भारी सात-आठ. दोघांचा खेळ, तीस पानं, पंधरा हात, एकानं आठ करायचे दुसऱ्यानं सात. पंधरा हे दोघांत सारखे वाटलेच जात नाहीत हो. आणि ज्याचा हात कमी पडला त्याच्याकडून पुढच्या डावात पान ओढायचं, म्हणजे हरण्याचं व्याज चालू राहतं. लहानपणी मला वाटायचं हा आजोबांनी मुद्दाम मला छळायला काढलेला नियम आहे.

आणि अजून एक. आपल्याकडचे कितीतरी पत्त्यांचे खेळ जिंकणारा शोधतच नाहीत. झब्बू काय, गाढव काय, एकेक जण सुटत जातो आणि शेवटी जो राहिला तो गाढव. पहिला कोण सुटला हे पाच मिनिटांत कोणाच्या लक्षातही नसतं, गाढव मात्र दुसऱ्या दिवशी दुधवाल्यालाही माहीत असतो. त्यात टाय होऊन होऊन कशाचा होणार, दोन गाढवं झाली तर घराला आनंदच. मला वाटतं घरात खेळायला हेच बरं, चार जण खूश आणि एक रडतो, तुमच्या ह्या खेळात एक खूश आणि तिघं तोंड पाडून.

दोन_मुलांची_आई (मंगळवार, दुपारी ३:१०)

बकुळीताई, जो एक रडतो तो माझ्या घरात सहा वर्षांचा आहे आणि पाऊण तास रडतो, त्यामुळे नको.

आम्ही सुदामा नगरात राहतो, वर-खाली मिळून पाच पोरं जमतात. मी फार पुस्तकी उत्साहानं सुरुवातीला "आज सगळेच जिंकले" हे करून बघितलं. मोठा म्हणाला मग खेळलो कशाला. धाकटा म्हणाला सगळे जिंकले ते ठीक पण मी कितवा जिंकलो? तिथे माझं समानतेचं राज्य संपलं.

त्यापेक्षा आपलं कच्चं लिंबू बरं. धाकट्याला कच्चं लिंबू ठेवलं की तो खेळतो, पळतो, ओरडतो, त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचा गुण कोणी धरत नाही. आणि तो स्वतःच एक दिवस येऊन म्हणतो मला आता पक्कं करा. मोठ्यानं तो दिवस पाचव्या वर्षी मागितला होता, धाकट्यानं अजून नाही, त्याला फायदा कळलेला आहे.

आम्ही हल्ली पॅन्डेमिक खेळतो, त्यात सगळे मिळून रोगांविरुद्ध खेळतात, जिंकले तर सगळे हरले तर सगळे. तुम्हाला वाटेल भांडण मिटलं. छे. आता कोणामुळे हरलो ह्यावर भांडतात.

सेवउसळ (मंगळवार, सायंकाळी ६:०२)

मी काल एका ओळीत उडवलं, जरा सविस्तर.

तुमचा मुद्दा असा की साडूंना नियम माहीत होता आणि तुम्हाला नव्हता म्हणून अन्याय. ठीक. १४ सप्टेंबर २००७, डर्बन, भारत-पाकिस्तान, टी-२० वर्ल्डकपमधला तो टाय. तेव्हा सुपर ओव्हर नव्हती, बोल-आउट होता, समोर बॅट्समन नाही आणि रिकाम्या स्टम्पवर चेंडू मारायचा. सेहवाग, हरभजन, उथप्पा, तिघांनीही मारला. त्यांच्या तिघांपैकी एकालाही लागला नाही. ३-०. आणि नंतर आपल्याच खेळाडूंनी सांगितलं की नेटमध्ये ह्याचा सराव करून ठेवला होता. उथप्पा काय रोजचा बॉलर होता का? पण स्टम्प कोण उडवतो हे आधी बघून ठेवलं होतं. आपण त्याला मिलीभगत म्हटलं का? आपण फटाके वाजवले. मग साडूंनी घरी नियम वाचून ठेवला तर तो गुन्हा कसा?

दुसरं, बडोद्याचा माणूस आहे म्हणून रणजी आणल्याशिवाय राहवत नाही. रणजीचा बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी बघतात, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. फेब्रुवारी २०२५ ची सेमीफायनल, गुजरात आणि केरळ (ती गुजरातची टीम हां, आमची बडोद्याची वेगळी, लोक कायम गोंधळ करतात). केरळ ४५७. गुजरात ४५५. शेवटच्या विकेटला पठ्ठ्यानं जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगवाल्याच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि स्लिपमध्ये झेल. दोन धावांची आघाडी, केरळ फायनलला. आणि फायनलला काय झालं, तोही सामना अनिर्णित, विदर्भाची पहिल्या डावात ३७ ची आघाडी, केरळ हरलं. ज्या नियमानं वर चढवलं त्यानंच उतरवलं, आणि दोन्ही वेळा कोणी अबोला धरला नाही.

पटावरचा_उंट (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

सेवउसळ, आधी माहीत असणं पुरेसं नाही हो. २०१९ च्या वर्ल्डकपची फायनल. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१, सुपर ओव्हर १५-१५. आणि निकाल चौकार-षटकार कोणाचे जास्त ह्यावर, २६ विरुद्ध १७. नियम लिहिलेला होता, दोन्ही टीमला माहीत असणार, तरी जगभर लोक चिडलेच ना? मला न्यूझीलंडशी काही देणंघेणं नाही तरी त्या रात्री झोप लागली नाही. ऑक्टोबरमध्ये आयसीसीनं नियमच काढून टाकला, आता निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर.

का चिडले लोक? कारण पन्नास ओव्हर सगळे धावा जमवत होते, चौकार नाही. एकेक धाव पळून काढणाऱ्याला शेवटी सांगितलं की तू पळत होतास तेच चुकलं. टाय सोडवायचा तर त्याच गोष्टीनं सोडवा ज्यासाठी माणूस खेळत होता.

लष्करवाला (मंगळवार, रात्री ८:२२)

मग काय नाणेफेक करायची?

पटावरचा_उंट (मंगळवार, रात्री ८:२५)

केलेली आहे. १९६८ च्या युरो फुटबॉलची सेमीफायनल, इटली आणि सोव्हिएत युनियन, जादा वेळेनंतरही शून्य-शून्य, नाणं उडवलं, इटली फायनलला आणि मग कपही त्यांनीच नेला. खजूरींच्या आईंची चिठ्ठ्यांची सूचना ह्याच दर्जाची आहे, हसू नका.

बकुळी (मंगळवार, रात्री ८:५०)

चिठ्ठीचा एक फायदा आहे. चिठ्ठीत हरलेल्याला देवाला बोल लावता येतो, साडूला नाही.

नियमावली (मंगळवार, रात्री १०:१५)

धागा उशिरा बघितला. मी बोर्ड गेमवाला, घरात दोन कपाटं भरली आहेत आणि बायकोनं तिसऱ्याला परवानगी नाकारलेली आहे, तेव्हा अधिकारवाणीनं बोलतो.

उंटसाहेबांचा मुद्दा एकदम बरोबर आणि त्यावरूनच सांगतो की स्प्लेंडरचा नियम चौकारांसारखा नाही. स्प्लेंडर सगळा काटकसरीचा खेळ आहे. सारखेच गुण १२ कार्डांत करणारा १३ कार्डांत करणाऱ्यापेक्षा चांगला खेळला, साधा हिशोब. खेळ करणाऱ्याला काय महत्त्वाचं वाटतं ते टायच्या नियमात दिसतं. टिकेट टू राइडमध्ये गुण सारखे झाले तर ज्याची तिकिटं जास्त पुरी झाली तो जिंकतो, म्हणजे नुसते रूळ टाकत सुटू नका, गाडी पोचवा. अझुलमध्ये पूर्ण आडव्या ओळी मोजतात आणि त्याही सारख्या असतील तर विजय वाटून घ्या असं खुद्द नियमातच आहे. सेव्हन वंडर्समध्ये उरलेली नाणी मोजतात, तो मला जरा आळशीपणा वाटतो. कटानला हा प्रश्नच येत नाही, तुमच्या पाळीत तुमचे १० झाले की तुम्ही जिंकलात, पुढच्याला संधीच नाही, त्यामुळे "मी आधी पोचलो" हे तुमचं वाक्य कटानमध्ये शंभर टक्के चाललं असतं. तिथे नाही. गो नावाचा जो जपानी-चिनी खेळ आहे त्यात तर दुसऱ्या खेळणाऱ्याला भरपाई म्हणून साडेसहा किंवा साडेसात गुण देतात, आणि तो अर्धा गुण फक्त टाय होऊ नये म्हणून. बकुळीताईंच्या पंधरा हातांचा मोठा भाऊ.

स्क्रॅबलचं सांगतो कारण तिथे सगळ्यात जास्त भांडणं बघितली आहेत. शेवटी हातात राहिलेल्या अक्षरांचे गुण वजा करतात, आणि ते केल्यावर टाय झाला तर वजाबाकीच्या आधी ज्याचे जास्त होते तो जिंकतो. घरी खेळणाऱ्या फार थोड्यांना हे माहीत असतं. मी एकदा सासरी सांगितलं. पुन्हा सांगणार नाही.

तेव्हा नियम योग्य, साडूंनी तो वाचला होता ह्यात पाप नाही, पण टाय झाल्यावर मोबाइल काढून वाचणं ही पद्धत वाईट, त्यात माणसाला फसवल्यासारखं वाटणारच. आमच्याकडे डबा उघडला की सगळ्यात आधी शेवटचं पान मोठ्यानं वाचतात, टाय झाला तर काय ते आधी, मग सुरुवात. दोन मिनिटं लागतात. मिलीभगतबद्दल मात्र तुम्ही माफी मागा, तो नियमाचा विषय नाही.

आणि एक बारीक शंका. स्प्लेंडरमध्ये कोणाचे १५ झाले की खेळ तिथल्या तिथे थांबत नाही, चालू फेरी पूर्ण करायची असते, म्हणजे सगळ्यांच्या पाळ्या सारख्या होतील. तुमच्याकडे सुरुवात कोणी केली होती?

खजूरीबाजार (मंगळवार, रात्री १०:३८)

भाच्यानं. सगळ्यात लहान सुरुवात करतो ना. मग मी, मग साडू.

नियमावली (मंगळवार, रात्री १०:४१)

आणि आत्या?

खजूरीबाजार (मंगळवार, रात्री १०:४२)

आत्या साडूंच्या नंतर.

नियमावली (मंगळवार, रात्री १०:४२)

हो पण ती खेळली का?

सोंगटी (मंगळवार, रात्री १०:४४)

अरे देवा.

बकुळी (मंगळवार, रात्री १०:४५)

चहा टाकायला गेली होती!! मी तेव्हाच म्हणणार होते की त्या बाईचं पुढे काय झालं.

सेवउसळ (मंगळवार, रात्री ११:१०)

खजूरी गायब. उठवलं वाटतं आत्याला.

खजूरीबाजार (बुधवार, सकाळी ८:२०)

नाही उठवलं, ती दहाला झोपते. आत्ता विचारलं. मेथी निवडत बसली होती. जसं बोलणं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं आत्या, त्या दिवशी तुझी पाळी राहिली होती का गं?

म्हणाली, राहिली होती ना.

तुझे गुण किती होते?

तेरा.

मग काय करणार होतीस?

म्हणाली माझ्याकडे एक लाल कार्ड उलटं ठेवलेलं होतं राखून, चार गुणांचं. त्याला सात हिरवे लागत होते. पाच हिरवी कार्डं माझी होती आणि हिरव्या चकत्या दोन होत्या हातात. तुमचं झालं की घेणार होते.

आत्या सत्तर पार आहे आणि आयुष्यभर मेंढीकोट खेळलेली आहे, कोणतं पान कोणत्या हाताला पडलं हे तिला पुढच्या दिवाळीपर्यंत आठवतं, त्यामुळे ह्यात शंका घ्यायला जागा नाही.

मी म्हटलं अगं मग बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही दोघं उभं राहून बोलत होतात, बसलेल्या माणसाचं कोण ऐकतं, मी म्हटलं चहा टाकून येते तोवर तुमचं आटपेल. चहा घेऊन आले तर पोरानं सगळं डब्यात भरलेलं. मग म्हटलं जाऊ दे, बाहेर ढोल वाजायला लागले होते.

दोन_मुलांची_आई (बुधवार, सकाळी ८:३३)

तेरा आणि चार सतरा.

पटावरचा_उंट (बुधवार, सकाळी ८:३५)

म्हणजे टाय झालाच नव्हता. आम्ही इथे २०१८ आणि १९६८ काढत बसलो.

लष्करवाला (बुधवार, सकाळी ८:५०)

मी आधीच म्हटलं होतं चहा प्या.

कोथरूडचा_पाहुणा (बुधवार, सकाळी ९:०५)

आत्याबाईंना पुण्याहून साष्टांग. साडूंना कळवलं का?

खजूरीबाजार (बुधवार, सकाळी ९:५५)

कळवलं. आत्ताच फोन ठेवला.

आधी मिलीभगतचं बोललो ते चुकलं असं सांगून टाकलं, नियमावलींनी बजावलं होतं म्हणून. ते हं एवढंच म्हणाले. मग म्हटलं, अहो, आत्याचे सतरा होत होते, तिची पाळी राहिली होती. तिकडून बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग पोराला हाक मारून काहीतरी विचारल्याचा आवाज आला, मग परत शांत, आणि मग एकदम म्हणाले,

"कार्डं किती होती त्यांची?"

मी म्हटलं अहो सतरा आहेत, सोळा नाही, आता कार्डं कशाला मोजायची.

म्हणाले, तरी पण.

सेवउसळ (बुधवार, सकाळी १०:०१)

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. हरलात म्हटलं होतं ते तुम्हा दोघांनाही लागू धरावं.

बकुळी (बुधवार, सकाळी १०:२०)

खजूरी, तुमच्या आत्या दुपारच्या मोकळ्या असतात का? आमच्याकडे मेंढीकोटला चौथा भिडू कमी पडतोय, रामबागेतून घ्यायला रिक्षा पाठवते.